ऑनलाइन लिलावात जुनी नाणी: अनेक महिन्यांच्या खरेदी-विक्रीनंतर

संग्रहाची नाणी ऑनलाइन लिलावात घ्यावीत का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर 'हो' आहे. पण सगळी नाणी नाहीत आणि सगळ्यांकडून तर मुळीच नाहीत. गेले अनेक महिने मी दोन प्रकारच्या ठिकाणी खरेदी-विक्री करते आहे. कोणीही खातं उघडून वस्तू विकायला ठेवतो त्या खुल्या संकेतस्थळांवरही, आणि जाणकार माणसं नाणं हातात घेऊन वर्णन लिहितात त्या लिलावगृहांच्या ऑनलाइन लिलावांतही. नवख्या संग्राहकाचे पैसे बुडतात ते बहुतेक पहिल्या प्रकारात. बनावट नाण्यांची भीती सगळेच घालतात आणि ती खरीच आहे. तरी मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो अस्सल नाण्यांनी. अस्सल, पण घासून चकचकीत केलेल्या.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा पैसा इथेच अडकलेला असतो. नाण्याची प्रत, म्हणजे ते किती चांगल्या अवस्थेत आहे हे, १ ते ७० अशा मोजपट्टीवर ठरते. १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी मांडलेली ही शेल्डन मोजपट्टी आता आधुनिक नाण्यांना सर्रास लावतात. ६० आणि त्यापुढची नाणी चलनात न फिरलेली. या वरच्या टप्प्यात दुर्मीळ वर्षाच्या नाण्याला दोन अंकांचा फरक पडला तरी किंमत कितीतरी पटींनी बदलते, आणि तो फरक असतो फक्त पृष्ठभागाचा. टांकसाळीत डायचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पोलादी ठशाचा, दाब पडला की धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की त्या रेषांमुळे उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हीच ती मूळ झळाळी, आम्ही जिला लस्टर म्हणतो. कापडाने, पेस्टने किंवा फिरत्या तारेच्या ब्रशने घासलं की या रेषा जातात आणि पुन्हा कशानेही येत नाहीत. आणि स्थिर फोटोत उजेड फिरताना दिसत नाही. म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे द्यायचे, नेमकी तीच फोटोत दिसत नाही.

एक उदाहरण सांगते. एका विक्रेत्याकडून मी मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, घेतला. वर्णनात 'चलनात न फिरलेला, मूळ झळाळी' असं लिहिलेलं, फोटोत पांढराशुभ्र. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढला, नाणं तराजूवर ठेवलं: २६.७३ ग्रॅम. व्यास ३८.१ मिलिमीटर. दोन्ही अगदी बरोबर, नाणं शंभर टक्के खरं. मग टेबललॅम्पखाली तिरकं धरून फिरवलं, तर उजेड हललाच नाही, सगळीकडे सारखा पसरून राहिला. दहापट भिंगातून नाण्यावरच्या लिबर्टी या स्त्रीमुखाच्या गालावर बघितलं तर सगळे ओरखडे एकाच दिशेने, गालावरून सरळ मोकळ्या जागेत उतरलेले. आणि अक्षरांच्या बुडाशी, जिथे कापड पोचत नाही, तिथे जुना काळपट रंग तसाच राहिलेला. विक्रेत्याचं म्हणणं, "फोटो दाखवले होते, तुम्ही बघून घेतलंत." संकेतस्थळाकडे तक्रार केली तर तिथल्या माणसाला घासलेलं आणि न घासलेलं यातला फरक कळेना. शेवटी एकाच दिव्याखाली माझं नाणं आणि शेजारी त्याच प्रकारचं मूळ झळाळीचं नाणं, दोन्ही एकत्र फिरवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवला, तेव्हा तक्रार मान्य झाली. पैसे परत यायला आठवडे गेले आणि परत पाठवण्याचा खर्च माझ्याच माथी बसला.

तेव्हापासून ग्रेडिंग न झालेल्या, म्हणजे कुठल्या कंपनीने तपासून प्रत ठरवून न दिलेल्या, प्रत्येक चांगल्या नाण्यासाठी बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे एकच मागणी असते: एका दिव्याखाली नाणं हळूहळू कलंडवतानाचा व्हिडिओ. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. प्रामाणिक विक्रेते आनंदाने पाठवतात, काही तर सोबत कडेचाही फोटो देतात. जे टाळाटाळ करतात त्यांचं नाणं मी सोडून देते, मग फोटो कितीही देखणा असो.

वर्णनातलं दुसरं जाळं असं असतं की त्यात एकही वाक्य खोटं नसतं. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर, हे चांदीचं मोठं नाणं घ्या. '१७८०, चांदी, २८ ग्रॅम' हे सगळं खरं. पण राणी १७८०मध्ये वारली आणि नंतरही तेच साल कोरून हे नाणं व्यापारासाठी पाडत राहिले. व्हिएन्नात, विसाव्या शतकात रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स आणि मुंबईच्या टांकसाळीतही. असे थालर मुबलक आहेत आणि त्यांची किंमत बहुतांशी त्यातल्या ८३.३ टक्के चांदीइतकीच. खुल्या लिलावांत मात्र 'अठराव्या शतकातलं पुराणं नाणं' म्हणून ते रोज चढ्या भावाला जातात. हे नाणं मला फार आवडतं, त्याचा प्रवास एखाद्या साम्राज्याच्या इतिहासापेक्षा रंजक आहे, म्हणून ते फसवणुकीचं साधन झालेलं बघून जास्त वाईट वाटतं.

आता बनावट. ओतीव नकला ओळखणं सोपं: अक्षरं बोथट, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, कधी कडेला जोडाची रेघ. वजन आणि व्यासाबरोबर घनताही घरी मोजता येते. अचूक तराजूवर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. ९० टक्के चांदीच्या डॉलरला तराजू सुमारे २.५९ ग्रॅम दाखवतो. त्याने वजनाला भागलं की १०.३च्या आसपास घनता येते. पण चांगल्या नकला खऱ्या चांदीतच पाडलेल्या असतात, त्यांच्यापुढे तराजूचं काही चालत नाही.

त्याहून अवघड असतं ते खरं नाणं घेऊन त्याच्यावर टांकसाळीचं चिन्ह चिकटवणं. १८९३ सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन डॉलर फक्त १,००,००० पाडला गेला, म्हणून त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर 'एस' बसवून विकतात. वजन, चांदी, झीज सगळं अस्सल. वाचवतो तो डायचा अभ्यास. खऱ्या १८९३-एसची दर्शनी बाजू एकाच डायवर पाडलेली आहे आणि त्या डायच्या खुणा ठाऊक आहेत, उदाहरणार्थ नाण्यावरच्या 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावरची बारीक तिरकी उठावाची रेघ. साल आणि चिन्ह शंका येईल इतकं दुर्मीळ असेल तर फोटो मोठा करून आधी अशी खूण शोधायची. फोटो तितका स्पष्ट नसेल तर बोली लावायची नाही.

मग ग्रेडिंग करून स्लॅबमध्ये, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत, सीलबंद केलेलंच घ्यावं, असं अनेक जण सुचवतात. सल्ला चांगला आहे, मीही महाग नाणी तशीच घेते. पीसीजीएस ही अमेरिकेची ग्रेडिंग कंपनी १९८६पासून आणि एनजीसी ही तशीच दुसरी १९८७पासून हे काम करतात. पण स्लॅबही बनावट येतात, आणि त्यांच्यावर छापलेला क्रमांक बहुधा खराच असतो, दुसऱ्या कुठल्या तरी नाण्याचा. म्हणून क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर सापडला एवढ्यावर थांबू नका. तिथे फोटो असेल तर डाग, ओरखडे आणि रंगछटा एकेक करून आपल्या नाण्याशी जुळवा. लेबलवर 'डिटेल्स' हा शब्द दिसला तर नाणं अस्सल आहे पण साफ केलेलं किंवा इजा झालेलं आहे, असा त्याचा अर्थ. विक्रेते शीर्षकात तेवढाच शब्द गाळतात, आणि फोटोतल्या लेबलवर तो बारीक अक्षरांत असतो.

बोली लावण्याच्या पद्धतीवर पुष्कळ चर्चा होते, मला ती थोडी अतिरंजित वाटते. शेवटच्या सेकंदाला बोली लावल्याने नाणं स्वस्त पडतंच असं नाही. मी माझी कमाल रक्कम आधी ठरवते आणि त्याच्यावर जात नाही. ती ठरवताना विक्रीला ठेवलेल्या किमती बघत नाही, प्रत्यक्ष संपलेल्या लिलावांच्या बघते. लिलावगृहात हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर, खरेदीदाराचं शुल्क लागतं, ते अनेक ठिकाणी २० टक्के किंवा जास्त असतं. शिवाय कर, टपाल आणि परदेशातून असेल तर सीमाशुल्क. सगळं उलटं वजा करून मगच आकडा भरायचा. एकाच विक्रेत्याच्या लिलावांत तेच एखाद-दोन खाते वारंवार किंमत चढवतात आणि कधीच जिंकत नाहीत, असं दिसलं तर तिथून निघावं. विक्रेत्याच्याच माणसांनी भाव चढवण्याचा तो प्रकार असू शकतो, आणि तो सिद्ध करणं आपल्या हातात नसतं.

विकायला लागल्यावर कळलं की फोटोचा पुरावा विक्रेत्यालाच जास्त लागतो. एका खरेदीदाराने 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून नाणं परत पाठवलं, आणि पाकिटातून आलं ते माझं नाणंच नव्हतं. त्याच सालचं, त्याच प्रकारचं, पण जास्त झिजलेलं. माझ्या नाण्याच्या कडेला घड्याळातल्या चारच्या जागी एक छोटी ठोकर होती. विकण्याआधी मी दोन्ही बाजू आणि पूर्ण कडा जवळून टिपली होती, त्यात ती ठोकर स्पष्ट दिसत होती. परत आलेल्या नाण्याची कड त्या जागी कोरी. ते फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले आणि निकाल माझ्या बाजूने लागला. म्हणून नाण्यातला दोष लपवू नका, उलट तोच सगळ्यात मोठ्या फोटोत दाखवा. खरेदीदाराशी प्रामाणिक राहता येतंच, शिवाय नाण्याची ओळखही तीच असते.

सुरुवातीची बोली अगदी कमी ठेवावी म्हणजे गर्दी होते, हे लोकप्रिय नाण्यांना लागू पडतं. ज्याच्यामागे जगभरात मोजकेच संग्राहक आहेत अशा नाण्याला राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली ते विकलं जाणार नाही अशी किंमत, ठेवा, नाहीतर त्या आठवड्यात ते दोघं-तिघं तिथे नसले की नाणं मातीमोल जातं. संकेतस्थळाबाहेर पैसे देतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. आणि पैसे खात्यात दिसले म्हणजे व्यवहार संपला असं नाही. कार्डाने केलेला भरणा खरेदीदाराची बँक कित्येक आठवड्यांनीही उलटवू शकते, म्हणून पोच, फोटो आणि संभाषण सगळं जपून ठेवा.

पाठवताना नाणं पाकिटात खुळखुळलं तर कडेला ठोकर बसलीच म्हणून समजा. मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पिशव्या वापरू नका, काही काळाने त्यांच्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. अनेक देशांच्या टपाल आणि कुरियर नियमांत नाण्यांवर बंदी किंवा मर्यादा आहे, आणि विमा उतरवूनही नाणी त्यातून वगळलेली असू शकतात. हे नाणं विकायला ठेवण्याआधी वाचायचं, विकल्यावर नाही.

सध्या मी ऑनलाइन घेते ती ग्रेडिंग झालेली आणि क्रमांकासोबत फोटो जुळणारी नाणी, किंवा ज्यांची किंमत धातूच्या भावाच्या जवळ आहे अशी. ग्रेडिंग नसलेलं महाग नाणं फक्त परतीची हमी लिहून देणाऱ्या लिलावगृहाकडून. प्राचीन नाण्यांवर, ती कुठून आणि कधी बाहेर पडली याची कागदपत्रं नसतील तर, मी बोली लावत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७०च्या युनेस्को करारानंतर अशा वस्तूंच्या निर्यातीवर अनेक देशांचे कायदे कडक आहेत, आणि उत्खननातून चोरलेलं नाणं माझ्या संग्रहात असावं अशी माझी इच्छाही नाही.