काळ्या मातीवरचं खचलेलं घर उचलून घेतलं : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

काम झालं त्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. तेव्हा लिहिलं नाही ते बरंच झालं. चिकण मातीवरचं काम कसं झालंय हे ती माती एकदा पुरती वाळून एकदा पुरती भिजल्याशिवाय कळत नाही. आता दोन्ही होऊन गेलंय.

आमचं घर एकमजली, विटांचं, २२ वर्षांचं. मागचा स्वयंपाकघराकडचा कोपरा खाली बसला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली भेग, खाली केसाएवढी आणि वर ६ मिलिमीटर. मागच्या दाराची कडी लावायची तर एकाने खांद्याने दार वर रेटायचं आणि दुसऱ्याने कडी सरकवायची. रंगारी दर वेळी लांबी भरून द्यायचा आणि उन्हाळ्यात भेग पुन्हा तिथेच उघडायची. आठ-नऊ वर्षं आम्ही भिंतीवर इलाज करत होतो, दुखणं होतं पायाखाली.

घर उचलून देणाऱ्या कंपनीवाल्यांना बोलवायच्या आधी एका स्वतंत्र इंजिनिअरला गाठलं. या सगळ्यात शहाणपणाचं असं आम्ही केलेलं बहुतेक हे एकच. त्यांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवली, खाली पेन्सिलीने तारीख घातली आणि म्हणाले, "आता थांबा." सातव्या आठवड्यात पट्टी मधोमध तडकली. म्हणजे भेग जुनी असली तरी घर अजून हलतच होतं.

मातीची परीक्षा मी स्वतः बघितली. सुकवून चाळलेली माती दहा दहा ग्रॅम दोन मापाच्या नळ्यांत घेतली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती ११ मिलिलिटरच्या खुणेवर निपचित बसलेली आणि पाण्यातली २१ वर. जवळजवळ दुप्पट! रॉकेलने ही माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पापुद्र्यांचे, पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर सारतं. उन्हात तेच पाणी निघून गेलं की माती आकसते, भेगाळते. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर भिंतीला पत्ताही लागला नसता. आमच्याकडे पुढे गच्चीची पन्हळ थेट पायाशी ओतत होती आणि मागे मोठं झाड मुळांनी पाणी ओढत होतं. एक बाजू फुगलेली, एक आकसलेली, मधे बिचारी भिंत.

मग कंपनी. आलेला माणूस गोड बोलणारा. फरशीखाली फोम भरला की अर्ध्या दिवसात सगळं पाणसळीत येईल म्हणाला. इंजिनिअरने तिथेच अडवलं. फोमने कोबा उचलतो, त्याखालची पोकळी भरते. भिंतीचा पाया बसलेला असेल तर त्याला खालून आधारच लागतो. ही दोन कामं वेगळी आहेत आणि विकणारा ती एकच असल्यासारखी बोलतो, एवढं ध्यानात ठेवा. आम्ही दोन्ही करून घेतली.

पायाला चार स्क्रू-पाइल लागले. लोखंडी दांड्याला मळसूत्रासारखी पाती असते, ती यंत्राने जमिनीत फिरवत फिरवत उतरवतात. नुसते दाबून बसवायचे पाइल घराच्याच वजनावर जोर घेतात, आमचं घर त्या मानाने हलकं, म्हणून हा प्रकार. सुरुवातीला दांडा सहज जात होता, साडेपाच मीटरच्या पुढे यंत्र कण्हायला लागलं. फिरवायला लागणारा जोर घड्याळावर दिसतो, त्यावरूनच खाली घट्ट थर लागल्याचं ठरवतात. वरचा फुगणारा-आकसणारा थर ओलांडून आधार घ्यायचा, हा त्यातला सगळा मुद्दा. मग पायाखाली कंस बसवून जॅकने उचलायला घेतलं.

कोपरा २३ मिलिमीटर बसला होता. त्यातला १४ मिलिमीटर वर उचलून झाल्यावर इंजिनिअर म्हणाले, बास. मी वाद घातला, पैसे मोजतोय तर पूर्ण वर घ्या ना! ते म्हणाले, "इतकी वर्षं भिंत वाकडी राहायला शिकली आहे, एका दुपारी तिला सरळ करायला गेलात तर दुसरीकडे फुटेल." तेवढ्यातच न्हाणीघराच्या दारावर एक बारीक केसभेग आली, तेव्हा मी गप्प झालो. सहाची भेग दोनवर आली.

फोमचं काम बघायला मजा येते. बोट जाईल न जाईल एवढी भोकं, त्यांतून दोन द्रव एकत्र सोडतात, काही सेकंदांत फुगून घट्ट होतं. लेझर लेव्हलच्या आकड्याकडे बघत असताना पायाखालची फरशी वर येतेय हे अंगाला जाणवत नाही, आकडा मात्र सरकत असतो. सिमेंटची स्लरी भरायचा पर्यायही होता, पण तिची भोकं मोठी आणि वजन भारी. घनमीटरला दीड टनाच्या वर जाणारं वजन आधीच कच खाणाऱ्या जमिनीवर कशाला टाकायचं? फोम शंभर किलोही भरत नाही.

आता तक्रार. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळीला तडा होता आणि भरण्याआधी ती कुणी तपासली नाही. फोमला वाट मिळाली, तो नळीत गेला. संध्याकाळी मोरीत सोडलेलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी वर आलं. दुसऱ्या दिवशी नुकतीच सरळ केलेली फरशी फोडून दोन मीटर नळी बदलावी लागली. कंपनीचं म्हणणं, नळी आधीच फुटकी होती. खरंच होती, म्हणून तर तिथली माती वाहून पोकळी झाली होती! तपासायला पाण्याने भरून तासभर पातळी बघायची, एवढंच काम. तुम्ही आधी हेच करून घ्या.

हमीचा कागदही नीट वाचा. आमच्या हमीत पाइल खाली बसले तर दुरुस्ती आहे, जमीन फुगून घर वर गेलं तर नाही. गिलावा, फरशी, दारं तर नाहीतच. चिकण मातीवर अर्धी भीती फुगण्याचीच असते.

काम पावसाळा संपता संपता झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी पाण्याची लेव्हल नळी घेऊन सहा ठिकाणी मोजतो. घरच्यांच्या मते हे वेड आहे. पाइल घातलेला कोपरा १४ महिन्यांत एका मिलिमीटरच्या आत राहिला. पण उन्हाळा चढला तसा पुढचा, पाइल नसलेला भाग ५ मिलिमीटर खाली गेला आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे बैठकीच्या भिंतीत नवी उभी भेग पडली. एक कोपरा खुंटीला बांधल्यासारखा स्थिर, उरलेलं घर पूर्वीसारखंच मातीबरोबर वर-खाली. अर्ध्या घराला आधार दिला की हे होऊ शकतं, हे कंपनीने आधी सांगायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते एका गवंड्याने चार दिवसांत केलं. पन्हळीला नळी जोडून पाणी पायापासून तीन मीटर लांब नेलं. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा घातला आणि जोत्याशी त्याचा सांधा डांबराने भरला. झाडाच्या बाजूला खोल चर खणून मुळांना आड घातली. पावसाळ्यात तोच पुढचा भाग २ मिलिमीटर वर आला, तेवढाच. एका वर्षावरून पैज लावणार नाही, पुढचा उन्हाळा जायचा आहे. पण हे आठ वर्षांपूर्वी केलं असतं तर कदाचित जॅक लावायची वेळच आली नसती, असं इंजिनिअरच म्हणाले. जरा उशिराच म्हणाले.

पाइलला पाचपैकी पाच. फोमला चार, कारण काम चोख होतं. कंपनीला तीन, एक तारा मोरीच्या नळीसाठी कापला आणि एक न सांगितलेल्या त्या भेगेसाठी. मागच्या दाराची कडी आता एका हाताने लागते. बैठकीच्या भेगेवर मी नवी काचपट्टी चिकटवली आहे, तारीख घालून. अजून शाबूत आहे.