जुनं कॉफीचं लिव्हर मशीन घेताय? आधी ते उलटं करून बघा

हे लिहायला दीड महिना गेला, कारण साठ हजार गेले हे घरात फक्त बायकोला माहीत आहे आणि आईला अजून सांगायची हिंमत झालेली नाहीये. पण परवा सोसायटीतल्या एका मुलाने विचारलं, काका, एक जुनं लिव्हर मशीन मिळतंय, घेऊ का, आणि त्याने फोनवर दाखवलेला व्हिडिओ बघून माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आता सगळं सांगतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात आमचं जुनं घर. कॉफीचं वेड गेल्या सात-आठ वर्षांचं, चिकमगळूरच्या बिया मागवतो, रोज सकाळी हाताने दळतो. मनात एकच होतं, ला पावोनीची युरोपिकोला. 1961 पासून इटलीत बनतेय, आत ना पंप ना स्प्रिंग, दांडा वर घ्यायचा, पाणी कॉफीवर येतं आणि मग आपल्याच हाताच्या जोराने ते खाली दाबायचं. दांडा किती दाबला, दळण किती बारीक, सगळं कपात उतरतं. ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही, खरंच सांगतो.

तर जाहिरात दिसली, फोन केला, समोरचा माणूस छान मराठीत बोलला. दादा, वडील जहाजावर होते, 1974 साली जिनोआहून आणलंय, आता ते गेले, मला फ्लॅट रिकामा करायचाय, आणि हे भंगारात जाऊ नये म्हणून कदर करणाऱ्याच्याच हातात द्यायचंय. आपला माणूस, त्यात वडिलांची वस्तू, मी लगेच विरघळलो. व्हिडिओ पाठवला त्यात मशीन मस्त चालत होतं, वाफ येत होती, कॉफीची बारीक धार उंदराच्या शेपटीसारखी कपात पडत होती. मी तो व्हिडिओ वीसेक वेळा बघितला असेल आणि वीसही वेळा फक्त ती धारच बघितली.

अठ्ठेचाळीस हजार आधी यूपीआयने मागितले, बाकीचे बारा वस्तू हातात आल्यावर रोख. सोबत एक जर्मन झासेनहाउसची मांडीत धरून दळायची लाकडी चक्की फुकट. सयाजीगंजात स्टेशनबाहेर भेटला, पंधरा मिनिटांत गाडी आहे म्हणाला, मशीन बबल रॅपमध्ये पार बांधलेलं. वरचा थोडा कागद फाडून दांडा आणि बॉयलर दाखवला, क्रोम चकचकीत, मी पैसे दिले आणि तो गेला. तिथे फुटपाथवर ते उलटं करून बघायला मला दोन मिनिटं पुरली असती.

घरी आणून धुतलं, पाणी भरलं, बटण दाबलं. या मशीनला तापायला चार-पाच मिनिटं तरी लागतात, पाऊण लिटरच्या आसपास पाणी आणि हजार वॉटचं एलिमेंट. हे मिनिटभरातच खदखदायला लागलं. मी खूश झालो, विचार करा! मग सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळला, ओट्यावर गरम पाण्याचे शिंतोडे, प्लगमधून जळका वास, मी बटण बंद करायला हात पुढे केला तर वाफेनं मनगट भाजलं, बायकोने धावत जाऊन मेन स्विच पाडला. आई देवघरात होती, तिला वाटलं कुकर फुटला.

दुसऱ्या दिवशी मकरपुरा जीआयडीसीत ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने मशीन आडवं केलं आणि एलिमेंटला मल्टिमीटर लावला, चौदा ओहम. मग माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, आ तो एकसो दसनुं छे. म्हणजे 110 व्होल्टचं, अमेरिकेतलं एलिमेंट. हिशोब साधा आहे: आपल्या 230 व्होल्टवर हजार वॉटच्या एलिमेंटला त्रेपन्न ओहमच्या आसपास यायला पाहिजेत. चौदा ओहमवर आपली लाइन दिली की हजारच्या जागी साडेतीन हजारांच्या वर वॉट खेचतं, सोळा अँपिअर. तेवढ्या करंटने प्रेशरस्टॅटचे, म्हणजे दाब वाढला की लाइन तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट एकमेकांना चिकटले, मग दाब वाढला तरी लाइन तोडणार कोण. व्हॉल्व्ह जाम असता तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही.

तळाशी व्होल्ट आणि वॉट लिहिलेली पट्टी असते, ती पॉलिश पेपरने घासून टाकलेली, ओरखडे ताजे, बोटाला चकाकी लागत होती. जुन्या कळकट वायरीच्या टोकाला नवी कोरी पांढरी तीन पिनांची प्लग. नंतर व्हर्नियर लावून कॉफी भरायची जाळी मोजली तर 51 मिलिमीटर. जुन्यांची 49 असते, 51 वाली 2000 च्या सुमाराला आली. म्हणजे 1974 पण खोटं, जिनोआ पण खोटं, आणि वडिलांचं जे काही सांगितलं त्यावर आता माझा विश्वास नाही. हे सगळ्यात जास्त लागलं, कारण माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले आणि मी फोनवर त्या माणसाशी अर्धा तास त्यांच्याबद्दल बोललो होतो.

चक्कीचं थोडक्यात सांगतो. डबा जुना, पितळी बिल्ला दुसरीकडचा चिकटवलेला, दांडी बाजूला हलवली की आतला दळणारा शंकू लटपटतो, दात नखाला लागतच नाहीत इतके झिजलेले. दळण अर्धं पिठासारखं, अर्धं रव्यासारखं, एस्प्रेसोला कामाचं नाही.

तर कुणी घेत असाल तर मीटर खिशात ठेवूनच जा, तीनशे रुपयांचा सुद्धा चालतो. मशीन थंड असताना, प्लग बाहेर काढून, मशीनचं बटण चालू करून प्लगची मोठी अर्थिंगची पिन सोडून बाकीच्या दोन पिनांवर ओहम मोजा. पंधराच्या आत आकडा आला तर अजिबात लाइन देऊ नका. उलटं करा, पट्टी वाचा, पट्टी नसेल तर का नाही ते विचारा. जाळी मोजा. थंड मशीन तुमच्यासमोर भरून तापवायला लावा, किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा, आणि गरम असताना वरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, आधी नळीतून वाफ पूर्ण सोडायची. विकणारा गाडीची घाई करत असेल तर त्याला गाडी पकडू द्या. आणि पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेपोटी चार दिवस गप्प बसलो, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले होते. तक्रार केलीय, नंबर मिळालाय, बघू.

मशीन वाइंडिंगवाल्याकडेच आहे. एलिमेंट जिवंत आहे, प्रेशरस्टॅट नवीन टाकून 110 चा ट्रान्सफॉर्मर लावू म्हणतोय.

व्हिडिओ मी आता परत बघितला, धार सोडून. मागे भिंतीवर सॉकेट दिसतं, चपट्या दोन उभ्या फटी आणि खाली एक गोल भोक, अमेरिकेतलं. सोसायटीतल्या मुलाच्या फोनवर परवा जो व्हिडिओ होता त्यात तीच भिंत, तेच सॉकेट, तोच कप. भाव पंचावन्न हजार, आणि या वेळी मशीन आईचं आहे असं सांगितलंय.