घराचा आर्किटेक्ट: पुण्याचा की गावातलाच?

आमच्या सोलापुरात जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला प्लॉट घेऊन बंगला बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी अडतो. 'प्लॅन फुकट देतो' म्हणणारा ठेकेदार मी यात धरत नाही. तिथं घर त्याच्या सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या, सोयीनं उभं राहतं. माझं घर गावातल्या आर्किटेक्टनं केलं. धाकट्या भावाचं पुण्याच्या ऑफिसनं केलं, पण तो नोकरीनिमित्त बाहेर, त्यामुळे त्याच्या साईटवरही उभा मीच होतो.

पुण्याचं कौतुक आधी करतो. त्यांनी भावजयीला बसवून बारीकसारीक विचारलं: भाकरी बसून करता की उभ्यानं, वर्षाची ज्वारी कुठं ठेवता, पाहुणे आले की गाद्या कुठून काढता. जिन्याखालची जागा त्यांनी इतकी छान वापरली की मला अजून हेवा वाटतो. माझ्या आर्किटेक्टनं यातलं काही विचारलं नाही. थ्रीडी मागितलं तर 'कशाला?' म्हणाले आणि पेन्सिलीनं कागदावर काढून दिलं. त्यांचे बंगले बाहेरून एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात, हेही खरं. फी पुण्याची जास्त, व्हिजिटचा खर्च वेगळा. त्यात नवल नाही.

ऊन आणि पाणी या दोन गोष्टींत मात्र गावातला माणूस पुढे. नळाला रोज पाणी नाही हे त्याला सांगावं लागत नाही. जमिनीखालची टाकी पहिल्याच नकाशात मोठी होती. जिना आणि बाथरूम त्यांनी पश्चिमेला ढकलले. भावाच्या हॉलला पश्चिमेची उंच काच आहे. चित्रात ती फार देखणी होती. एप्रिल-मे महिन्यांत चार वाजल्यानंतर तिथं पडदा ओढूनच बसतात.

पण माझं मत ठरलं ते काचेवरून नाही, ड्रॉइंगवरून.

पुण्याहून ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर यायचं. मग सुधारलेलं यायचं. मग 'हे फायनल' म्हणून आणखी एक. एक पीडीएफ ठेकेदाराकडे, दुसरी माझ्याकडे, आणि गवंडी मोबाईलवर बोटांनी मोठं करून तिसरीच बघतोय. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, किती उंच, असं त्यानं सकाळी विचारलं की उत्तर संध्याकाळी. तोवर बिगारी बसून, हजेरी चालू. स्लॅबच्या वेळी तर कहर झाला. लाइटचे पाईप आणि फॅन बॉक्स टाकून काँक्रीट झालं आणि त्यानंतर बेडरूमची मांडणी बदललेलं ड्रॉइंग आलं. पंखा आता पलंगावर नाही, कपाटासमोर फिरतो. ऑफिसमधली मुलं हुशार होती, बोलायलाही गोड. पण साईटवर कोणता कागद आहे याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

माझ्याकडे प्रत्येक कागदावर तारीख आणि नंबर असायचा. नवा आला की आर्किटेक्ट स्वतः येऊन जुन्यावर लाल पेनानं 'रद्द' लिहायचे आणि मिस्त्रीची सही घ्यायचे. जुनाट पद्धत वाटेल. पण माझ्या घरात बांधलेलं काही फोडावं लागलं नाही. काळी माती असल्यानं पायाच्या खड्ड्यात मुरूम लागेपर्यंत आरसीसीवाला (स्ट्रक्चरल इंजिनिअर) आणि आर्किटेक्ट दोघंही येऊन बघून गेले. भावाच्या खड्ड्याचे फोटो पाठवून भागवलं. त्याचंही घर भक्कम आहे, तडा नाही. मला झोप लागली नाही, एवढंच.

प्लॉट छोटा असेल, अडचणीच्या आकाराचा असेल, किंवा घरातल्यांना आतली मांडणीच महत्त्वाची असेल तर पुण्याचं डोकं उपयोगी पडेल, नाही म्हणत नाही. गावातही नव्या पिढीतले काही जण आता तसा विचार करतात; त्यांना आधी भेटावं असं मला वाटतं. कोणाकडेही गेलात तरी तयार बंगला बघू नका, चालू साईट दाखवा म्हणा. तिथल्या मिस्त्रीला हातातला कागद दाखवायला सांगा आणि त्यावरची तारीख बघा.

आणि पुण्याचंच ठरलं तर पायाखोदाई, प्लिंथ (जोतं) आणि प्रत्येक स्लॅबच्या आधी व्हिजिट, हे करारात लिहून घ्या. लाइटच्या पाईपचं ड्रॉइंग सेंटरिंग सुरू व्हायच्या आत हातात पाहिजे, हेही.