ठासणीच्या बंदुकीला ‘कोटिंग’ करून देणाऱ्यांपासून सांभाळा

शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या सिंधुदुर्गातल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्याकडे वाडवडिलांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आहे आणि पावसाळाभर ती घरात पडून असते, त्यांनी तर जरूर वाचा. ओम्नी गाडीतून दोघेजण गावोगाव फिरतात आणि गंज लागू नये म्हणून ‘गन कोटिंग’ करून देतो म्हणतात. आमच्या वाडीतल्या बहुतेक बंदुकांची त्यांनी वाट लावली. माझीही त्यातच.

त्यांनी वेळ मात्र अचूक साधली होती. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ऐन काजूच्या हंगामात बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. निकाल ४ जूनला लागला. बंदुका परत मिळेपर्यंत पाऊस दाराशी येऊन ठेपला होता. जमा करायच्या घाईत कोणी नळी धुतली नव्हती, चिंधी फिरवून दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा कड्यांवर आणि घोड्यावर तांबूस डाग होते. त्याच आठवड्यात हे दोघे हजर.

“जमा होऊन आलेली बंदूक आतून सडलेलीच असते,” हे त्यातल्या बोलक्याचं पहिलं वाक्य. गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, त्यावर अशोकस्तंभ आणि ‘शासनमान्य’ हा शब्द. गाडीत काचेच्या दोन बरण्या होत्या, दोन्हींत मिठाचं पाणी आणि एकेक खिळा. एक खिळा गंजून लाल झालेला, दुसरा चकाकत होता. चकाकणाऱ्याला म्हणे त्यांचं जर्मन लिक्विड लावलं होतं आणि आठवडाभर तो पाण्यातच होता. खिळा हातात घेऊन बघू दिला, सगळ्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. चुंबक लावून बघायचं कोणाच्या डोक्यात येणार? स्टेनलेसचा खिळा मिठाच्या पाण्यात आठवडाभर सहज चकाकत राहतो, त्याला कसलं लिक्विड लागतंय!

दर एका बंदुकीला अठराशे, वाडीने मिळून केलं तर पंधराशे. ‘बारा वर्षं गंज नाही’ अशी लेखी गॅरंटी, रबरी शिक्क्यासकट.

शेजारचे आबा ओसरीवरूनच म्हणाले, “अरे, आदी पाण्यान धुतलस काय तां सांग.” तो बोलका हसला. “आबा, जमाना बदलला. पाणी म्हणजेच गंज!” हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की तिथे जमलेल्या कोणालाच त्यात काही खटकलं नाही. सगळी फसवणूक त्या एका वाक्यावर उभी होती, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. ती जळते तेव्हा अर्ध्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं. धूर होऊन जातो तो बाकीचा. नळीत चिकटलेली ती काजळी म्हणजे पोटॅशचे क्षार. कोकणातल्या हवेत ते ओल ओढून घेतात, उघड्या राहिलेल्या मिठाच्या बरणीसारखे पाझरतात, आणि लोखंड खायला लागतात. काही केपांच्या (घोडा आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्यांच्या) मसाल्यातून याहून वाईट क्षार निघतो, तो निपलच्या, म्हणजे केप बसवायच्या पोकळ बोंडीच्या, आसपास बसतो. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणजे न धुतलेल्या नळीत तुम्ही कितीही भारी तेल ओतलंत तरी काजळी तेलाखाली जशीच्या तशी राहते आणि आपलं काम करत राहते. तेलाने उलट तिला झाकण मिळतं.

आता त्या दोघांनी काय केलं ते सांगतो. बंदुका गाडीमागे नेल्या. गज (दारू ठासायची लांब सळई) नळीत घालून ती भरलेली आहे की रिकामी हेसुद्धा पाहिलं नाही. ज्याला बंदुकीचं काम येतं तो सगळ्यात आधी हेच बघतो. वरून फिरत्या ब्रशने घासलं, काळा चकचकीत स्प्रे मारला, आत बाटलीतलं काहीतरी ओतलं आणि नळीचं तोंड मेणाने बंद केलं. निपलवर एमसील. “सहा महिने मेण काढू नका, गज घालू नका, कोटिंग बसायला वेळ लागतो.” बंदूक नव्यासारखी दिसत होती. खरी हुशारी त्या मेणातच होती. पावसाळाभर आत कोणी डोकावणार नव्हतं आणि तोवर हे दोघे दुसऱ्या तालुक्यात पोचणार होते.

खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी काढली. भातं पिकत आली होती आणि खालच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) डुकरांनी धुडगूस घातला होता, म्हणून मेण काढलं. गजाला पांढरी चिंधी गुंडाळून आत सरकवली तर ती अर्ध्यात अडली. जोर लावून बाहेर काढली तेव्हा तिच्यावर विटकरी रंगाचा चिकट चिखल होता आणि त्यात गंजाच्या बारीक खपल्या. हुंगून पाहिलं तर गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा वास. नंतर परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने नळीत बॅटरी मारून मलाही दाखवलं. तोंडाकडचा भाग बरा होता, पण बुडाकडे, जिथे दारू बसते तिथेच, लोखंडाला खड्डे पडले होते. बार काढताना सगळा दाब तिथेच येतो. “हिच्यातून आता बार काढू नका,” एवढंच तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत.

एवढ्यावर भागलं नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, पुन्हा बंदुका जमा. ठाण्यात परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून पाहतात. आमच्या नळ्यांवर नंबर दिसेना, सगळं काळं! हवालदारांनी नखाने, मग थिनरच्या बोळ्याने रंग काढला तेव्हा माझा नंबर कसाबसा वाचता आला. शेजाऱ्याच्या बंदुकीवरचे दोन आकडे ब्रशखाली घासून गेले होते. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा नंबर खोडणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे तसं शस्त्र सापडतं त्याला आधी जाब द्यावा लागतो. शेजाऱ्याने वारसाहक्काने आलेल्या परवान्याची जुनी कागदपत्रं, जबाब, पंचनामा असं सगळं केलं. पंधराशे रुपये त्यापुढे काहीच नव्हते.

असली माणसं बिनधास्त फिरतात त्याचं कारणही इथेच आहे. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तो नसलेल्याच्या हातात बंदूक दिली की देणाराही अडचणीत येऊ शकतो. म्हणून फसलेला माणूस तक्रारीला जायला कचरतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आम्ही वाडीने मिळून गेलो, आधी वकिलाशी बोललो, गॅरंटीचा कागद, रिकामी बाटली आणि मेणाचे तुकडे जोडले. प्रकार जूनमधला, नवी न्यायसंहिता लागू झाली १ जुलैला, त्यामुळे तक्रार जुन्या ४२० खालीच गेली. गॅरंटीवरचा मोबाइल नंबर अर्थातच बंद आहे. पैसे परत येतील अशी आशा कोणी धरलेली नाही, पण आपणहून गेल्यामुळे जबाबात बाजू तरी नीट मांडता आली.

आबा जसं करतात ते खाली देतो. कारागिरानेही तेच सांगितलं आणि त्यात जर्मन काही लागत नाही.

आधी गज नळीत सोडून तोंडाशी नखाने खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. तो बुडापर्यंत पोचत नसेल तर आत भरलेलं आहे किंवा काहीतरी अडकलेलं आहे, मग पुढे काही करायचं नाही, थेट कारागीर गाठायचा. रिकामी असल्याची खात्री पटली की निपल खोलायचं आणि जमत असेल तर नळी लाकडी दस्त्यापासून सोडवायची. बूड गरम पाण्याच्या बादलीत ठेवून, चिंधी गुंडाळलेला गज पंपासारखा वरखाली करायचा. किंचित साबण चालतो. पहिलं पाणी काळंकुट्ट येतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो गंधकाचा. नितळ पाणी येईपर्यंत बदलत राहायचं. शेवटचं पाणी उकळतं घ्यायचं, म्हणजे तापलेली नळी स्वतःच सुकते. मग कोरड्या चिंध्या, आणि लगेच शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. ‘लगेच’ म्हणजे लगेच! आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर चहा होईपर्यंत तांबूस झाक येते. खोबरेल नको, ते खवटतं आणि चिकट होतं. दस्त्याला अळशीचं तेल चालेल.

दुसऱ्या दिवशी पांढरी कोरडी चिंधी पुन्हा घालून बघायची. तांबूस आली तर सगळं पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पावसात महिन्यातून एकदा तरी हे बघावं. बंदूक तोंड खाली करून फडक्यावर उभी ठेवायची, म्हणजे जादा तेल निथळून जातं, निपलकडे आणि लाकडात उतरत नाही. तोंडाला बोळा, मेण, बूच काही नाही, आत वारा लागू दे. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात घालून ठेवू नका, ते ओल धरतं. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दारू आणि केप वेगळ्या ठिकाणी, कोरड्यात. हंगामाला काढताना आतलं तेल कोरड्या चिंधीने पुसायचं, मग नळी न भरता, तोंड जमिनीवरच्या पानाकडे धरून नुसती एक केप उडवायची. पान हललं की वाट मोकळी.

कारागिराकडे द्यायचीच असेल तर त्याचा दुरुस्तीचा परवाना मूळ प्रतीत बघा, बंदूक जमा केल्याची नंबरासकट पावती घ्या, आणि द्यायच्या आधी नळीवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. दारात येऊन काम करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच पाठवा.

ज्यांच्या बंदुकीला ते मेण अजून तसंच आहे त्यांनी सहा महिने संपायची वाट बघू नये. केप न लावता, तोंड मोकळ्या दिशेला धरून मेण काढा, गजाने खोली तपासा, गरम पाण्याने धुवा. पाणी नितळ आलं म्हणून लगेच बार काढू नका. बुडाकडचा भाग परवानाधारक कारागिराने बॅटरी मारून बघितल्याशिवाय तिच्यात दारू भरू नका.