लष्करी कुटुंबांवरील संशोधन निर्णयकर्त्यांसमोर कसे ठेवावे: चार मार्गांची तुलना

लष्करी कुटुंबांच्या स्वास्थ्यावर झालेला अभ्यास वरिष्ठांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी एखाद्या संशोधन केंद्रावर किंवा कल्याण विभागावर येते, तेव्हा हाताशी असलेला पैसा आणि माणसे पाहता बहुधा एकच काम नीट करता येण्यासारखे असते. विस्तृत अहवाल काढावा, दोन-तीन पानांची टिपणे लिहावीत, शोधता येईल असे संकलन उभारावे, की संशोधनाची आणि कार्यालयाची अशा दोन्ही भाषा जाणणारा एखादा माणूस नेमावा, असा प्रश्न समोर असतो. हा आढावा तो निर्णय घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतील घेतली आहेत, कारण यांतले बहुतेक प्रकार तेथे शेजारीशेजारी चालू असलेले पाहायला मिळतात. कॅनडातील अनुभवही एकदोन ठिकाणी उपयोगी पडतो.

मार्गांकडे वळण्यापूर्वी एक अभ्यास जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण तुलनेची कसोटी त्यातूनच मिळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात भूदलातील सैनिकांच्या २,५०,६२६ पत्नींच्या २००३ ते २००६ या काळातील बाह्यरुग्ण नोंदी तपासल्या होत्या. पती इराक किंवा अफगाणिस्तानच्या मोहिमेवर एक ते अकरा महिने तैनात असलेल्या स्त्रियांमध्ये, पती तैनात नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, नैराश्याची दर हजारी २७.४ प्रकरणे अधिक आढळली. तैनाती अकरा महिन्यांच्या पुढे गेली तेव्हा हा फरक ३९.३ झाला. त्याच अभ्यासात आकड्यांची आणखी एक जोडी आहे, जी फारशी उद्धृत होत नाही. पती तैनात असलेल्यांपैकी ३६.६ टक्के स्त्रियांना मानसिक आरोग्याशी संबंधित किमान एक निदान झाले होते आणि पती घरी असलेल्यांमध्ये हे प्रमाण ३०.५ टक्के होते.

आता हाच अभ्यास एका स्लाइडवर आला की त्याचे काय होते, हे ज्यांनी सादरीकरणे तयार केली आहेत त्यांना सांगावे लागत नाही. ‘तैनातीमुळे पत्नींमध्ये नैराश्य वाढते’ एवढे चार शब्द उरतात. ते सर्वस्वी खोटे नाहीत, पण त्यांवर विसंबून निर्णय घेणारा अधिकारी समुपदेशनाचा सारा निधी तैनात तुकड्यांच्या कुटुंबांकडे वळवील, आणि पती घरी असूनही निदान झालेल्या जवळजवळ एक तृतीयांश स्त्रिया त्याच्या नजरेस पडणार नाहीत. शिवाय या नोंदी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांच्याच आहेत. ज्या गेल्याच नाहीत त्यांच्याविषयी त्या मौन बाळगतात. माझ्या स्वतःच्या एका टिपणातील मर्यादांची ओळ ‘जागा पुरत नाही’ एवढ्या कारणाने अंतिम मसुद्यातून काढली गेली होती, आणि पुढे बैठकीत विचारला गेलेला पहिलाच प्रश्न नेमका त्या ओळीत उत्तरलेला होता. म्हणून वाचायला सोपे किती, यापेक्षा कोणत्या मार्गात ‘परंतु’ टिकून राहतो, या कसोटीवर मी पुढील मार्ग तोलले आहेत.

विस्तृत अहवाल या कसोटीवर सहज उतरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१९ मध्ये लष्करी कुटुंबांच्या सज्जतेच्या व्यवस्थेवर काढलेला अहवाल याचे उत्तम उदाहरण आहे. ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हा प्रश्नच तो आधी विस्ताराने उलगडतो, कारण विवाहित जोडपे आणि त्यांची मुले एवढ्याच चौकटीत धोरण आखले तर अनेक घरे बाहेर राहतात. अहवालाचा खरा उपयोग परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष एकत्र वाचण्यासाठी होतो. रँड या संस्थेने २,७२४ कुटुंबांना तीन वर्षे दर चार महिन्यांनी प्रश्न विचारून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, तैनातीच्या काळात कुटुंबांच्या स्थितीत बदल होतात, पण सरासरीने पाहता बहुतेक बाबतींत ती नंतर पूर्वपदावर येते. वर सांगितलेल्या नोंदींच्या अभ्यासाशेजारी हा निष्कर्ष ठेवला तर सामान्य वाचक गोंधळेल. एक अभ्यास केवळ भूदलाच्या पत्नींच्या वैद्यकीय नोंदींचा आहे, दुसरा सर्व दलांतील कुटुंबांनी स्वतः दिलेल्या उत्तरांचा. एक निदाने मोजतो, दुसरा सरासरीचा प्रवास दाखवतो, आणि सरासरी पूर्वपदावर आली म्हणून प्रत्येक घर पूर्वपदावर आले असे होत नाही. हा उलगडा करायला जागा लागते, आणि ती अहवालातच मिळते.

अडचण वेळेची आहे. धोरणकर्त्यांनी पुरावा का वापरला किंवा का वापरला नाही, याविषयीच्या १४५ अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार पुढे आलेले अडथळे म्हणजे चांगले, प्रस्तुत संशोधन हाताशी नसणे आणि ते वेळेवर न मिळणे. संशोधकांशी असलेले संबंध आणि सहकार्य ही त्याच आढाव्यात ठळकपणे आलेली अनुकूल बाब होती. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि संरक्षण खर्चाच्या अधिकृततेचा कायदा दरवर्षी संसदेसमोर येतो. नोव्हेंबरात हाती पडलेला चारशे पानी अहवाल त्या वर्षापुरता इतिहासजमा असतो. तरीही ज्या विषयावर अनेक अभ्यास आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात, त्या विषयावर अहवालाला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

संक्षिप्त टिपण हा सध्या सर्वांत लोकप्रिय मार्ग आहे, आणि अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातला ‘मिलिटरी रीच’ हा प्रकल्प त्याचा नमुना म्हणून पाहता येतो. संरक्षण विभागाच्या पाठबळावर चालणाऱ्या या प्रकल्पात लष्करी कुटुंबांवरील शोधनिबंधांचे सारांश तयार होतात आणि ते स्वतः कुटुंबे, त्यांना मदत करणारे व्यावसायिक आणि धोरण ठरवणारे अशा तीन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून लिहिले जातात. ही विभागणी वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे लिहिणाऱ्याला प्रत्येक निष्कर्षाबाबत ‘मग कोणी काय करायचे’ याचे उत्तर देणे भाग पडते. कॅनडात आरोग्यसेवांच्या संशोधनासाठी रूढ झालेला एक-तीन-पंचवीस हा साचाही येथे आठवतो: एका पानावर मुख्य संदेश, तीन पानांत सारांश, पंचवीस पानांत अहवाल. या साच्याचा गुण असा की, घाईत असलेला वाचक पहिल्या पानावर थांबला तरी त्याच्या सचिवाला किंवा सहायकाला तिसऱ्या पानापर्यंत जाता येते, आणि शंका आली तर पुढेही.

टिपणांविषयी दोन इशारे मात्र दिले पाहिजेत. पहिला असा की, एकेका शोधनिबंधावर एकेक टिपण लिहिण्याची पद्धत सोयीची असली तरी निर्णयकर्त्याच्या हाती त्यामुळे सुटे मणी पडतात आणि माळ ओवण्याचे काम त्याच्यावरच येते; वरील दोन अभ्यासांची दोन स्वतंत्र टिपणे एकाच आठवड्यात वाचणाऱ्याची अवस्था काय होईल याची कल्पना करता येते. दुसरा इशारा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून मिळतो. धोरणविषयक टिपणाचा वाचकांच्या मतांवर काय परिणाम होतो हे त्यात तपासले होते. ज्यांचे त्या विषयावर आधी मत नव्हते त्यांनी पुराव्याशी जुळणारे मत बनवले, पण ज्यांचे मत आधीच ठाम होते ते फारसे हलले नाहीत. लष्करी कुटुंबांच्या बाबतीत वरिष्ठ अधिकारी स्वतः त्या जीवनातून गेलेले असतात आणि वारंवार होणाऱ्या बदल्या, मुलांच्या बदलणाऱ्या शाळा, जोडीदाराची सुटलेली नोकरी यांविषयी त्यांचे अनुभवातून आलेले पक्के मत असते. त्यामुळे ‘आमच्या घरी तर असे काही झाले नाही’ या वाक्याला दोन पानी टिपण पुरे पडत नाही.

तिसरा मार्ग प्रतवारीसह संकलनाचा आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील लष्करी कुटुंबांच्या सज्जतेविषयीचे ‘क्लिअरिंगहाउस’ निरनिराळ्या कार्यक्रमांचा पुरावा तपासून त्यांना परिणामकारक, आशादायक, अस्पष्ट किंवा निष्प्रभ अशा श्रेणी देते, आणि अस्पष्ट या श्रेणीतही उपलब्ध पुराव्याचा कल अनुकूल, तटस्थ की प्रतिकूल हे वेगळे दाखवते. ही उपश्रेणी मला फार महत्त्वाची वाटते. पुरावा अपुरा आहे असे सांगून थांबणे सोपे असते. तो अपुरा असूनही कोणत्या बाजूला झुकतो हे सांगितले तर निर्णय घेणाऱ्याला दोन अपूर्ण पर्यायांतूनही निवड करता येते, आणि त्याचा निर्णय किती कच्च्या जमिनीवर उभा आहे हेही त्याला कळते. येथे ‘परंतु’ श्रेणीच्या नावातच शिवलेला असल्यामुळे तो कोणाला खोडता येत नाही.

संकलनाची मर्यादा अशी की, ते कार्यक्रमांविषयी बोलते, धोरणाविषयी फारसे नाही. पालकत्वाचे दोन प्रशिक्षणक्रम समोर असतील तर उत्तर मिळते. तैनातीचा कमाल काळ किती असावा, किंवा बदलीची पूर्वसूचना किती आधी द्यावी, या प्रश्नांना तेथे श्रेणी नसते. दुसरे असे की, संकलनाला शोधणारा लागतो, आणि वरिष्ठ अधिकारी स्वतः शोधत बसत नाहीत. ते काम त्यांच्या हाताखालचा अधिकारी करतो. म्हणून संकलन त्याच्यासाठी रचावे, आणि शोधाचे शब्द संशोधनातले न ठेवता कार्यालयाच्या फाइलवर येणारे ठेवावेत. देखभाल थांबली की संकलन दोन वर्षांत जुने होते, हे खर्चाचा हिशेब करताना अनेकदा विसरले जाते.

चौथा मार्ग माणसाचा. या मार्गाविषयी एक उपयुक्त प्रयोग लष्कराबाहेर, कॅनडातील सार्वजनिक आरोग्य विभागांत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १०८ विभागांपैकी काहींना केवळ संशोधनाच्या संकेतस्थळाची सोय दिली, काहींना तिच्या जोडीला त्यांच्या कामानुसार बेतलेले संदेश पाठवले, आणि काहींना या दोहोंच्या जोडीला मदतीसाठी ज्ञानमध्यस्थ, म्हणजे संशोधन आणि कार्यालय यांना जोडणारा माणूस, दिला. एकूण निर्णयप्रक्रियेत तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुराव्यावर आधारलेली धोरणे आणि कार्यक्रम स्वीकारण्यात मात्र बेतलेले संदेश मिळालेला गट पुढे गेला. मध्यस्थाचा उपयोग, जिथे संशोधन वाचण्याची सवय मुळात कमी होती, तिथे जाणवला. माणूस नेमला की सारे सुटेल, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. आरोग्य विभाग आणि सैन्य यांच्यात पुष्कळ अंतर आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातून मिळणारा संकेत दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सैन्यात या मार्गापुढे आणखी एक अडचण आहे. ज्या बदल्या कुटुंबांना हैराण करतात त्याच बदल्या कार्यालयाची स्मृतीही पुसतात. मध्यस्थाने एखाद्या अधिकाऱ्याचा विश्वास मिळवायला वर्ष घालवावे आणि तो अधिकारी पुढच्या वर्षी दुसरीकडे जावा, हे ठरलेलेच असते. तरी ‘परंतु’ टिकवण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही, कारण गैरसमज झाला आहे हे त्याला समोरच्याच्या प्रश्नावरून लगेच कळते, आणि ठाम मत असलेल्या अधिकाऱ्याशी बोलता येते ते फक्त त्यालाच.

आकडेफलक, म्हणजे डॅशबोर्ड, मी वेगळा मार्ग म्हणून धरलेला नाही, कारण त्यात संशोधनापेक्षा मोजणी अधिक असते. मोजणीही जपून वाचावी लागते: अमेरिकी संरक्षण विभागाच्या २०२१ च्या पाहणीनुसार कार्यरत सैनिकांच्या जोडीदारांमधील बेरोजगारी २१ टक्के होती, पण हे प्रमाण काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या जोडीदारांपैकी आहे. शोधणे सोडून दिलेल्यांचा त्यात समावेश नाही. फलकावर आकड्याखाली ही ओळ नसेल तर तो न लावलेला बरा.

आता निवडीविषयी. कार्यालयात संशोधन वाचणारी दोन-तीन माणसे असतील आणि प्रश्न बहुतांशी ‘कोणता कार्यक्रम घ्यावा’ असा असेल, तर प्रतवारीच्या संकलनावर पैसा घालावा. स्वतःचे उभारणे परवडत नसेल तर आधीच असलेल्या संकलनाची प्रतवारी वापरून आपल्या कार्यक्रमांचा तक्ता करणेही पुरेसे ठरते. वाचण्याची सवय नसेल तर माणूस आधी आणि बाकीचे नंतर, पण त्याने प्रत्येक बैठकीतला प्रश्न आणि दिलेले उत्तर लिहून ठेवावे, म्हणजे नव्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. अभ्यास एकमेकांना छेदत असतील आणि निर्णयाला वर्षभर अवकाश असेल, तर अहवाल.

या तिन्हींपैकी कोणतीच परिस्थिती स्पष्ट नसेल, आणि बहुतेक कार्यालये याच गटात मोडतात, तर मी टिपणापासून सुरुवात करीन. मात्र टिपण शोधनिबंधावर न लिहिता निर्णयावर लिहीन. पहिल्या परिच्छेदात घ्यायचा निर्णय आणि त्याची तारीख, दुसऱ्यात आकडा आणि तो कोणाच्या तुलनेत आहे हे, तिसऱ्यात पुरावा किती भक्कम याची श्रेणी, आणि चौथ्यात अभ्यासातून कोण सुटले: स्त्री सैनिकांचे पती, अविवाहित सोबती, राखीव दलांची कुटुंबे, दवाखान्यापर्यंत न आलेल्या स्त्रिया. शेवटचे दोन परिच्छेद कापण्याचा अधिकार लेखकाशिवाय कोणालाही नसेल, एवढी अट काम स्वीकारण्यापूर्वी लेखी मान्य करून घ्यावी.