रोज लाईन गेली की सगळे विसरणारा मोटर कंट्रोलर

वरूड तालुक्यात आमच्या वावरात संत्र्याची साडेतीनशे झाडे आहेत आणि विहिरीवरची पाच एचपीची मोटर घरापासून जवळपास एक किलोमीटरवर आहे. शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत असल्यामुळे मोटर दुरून चालू-बंद करण्याची सोय ही आता चैन राहिलेली नाही. मी आधी वापरत होतो तो स्वस्तातला ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट होता आणि त्याने माझा एक आंबिया बहार बिघडवला. या बहाराची फुले नीट यावीत म्हणून बाग डिसेंबरात ताणावर सोडलेली होती, म्हणजे तिचे पाणी तोडलेले होते. शेजाऱ्यांनी त्यांच्या गव्हाला पाणी देण्यासाठी धुऱ्यावरून त्यांचे बटण दाबले आणि त्यांच्या मोटरीसोबत माझीही चालू झाली. सकाळी त्यांनीच फोन केला, "भाऊ, तुमची मोटर रातभर चालू हाय ना जी!" तोवर ताण तुटला होता.

दोन्ही रिमोट उघडून पाहिले तेव्हा आत पीटी२२६२ जातीची एकसारखी चिप निघाली. तिला पत्त्याच्या, म्हणजे कोणता रिमोट कोणत्या मोटरीचा हे ठरवणाऱ्या, आठ पिना असतात. प्रत्येक पिन प्लसला, मायनसला जोडता येते किंवा मोकळी ठेवता येते, म्हणजे एकूण ६,५६१ पत्ते होतात. आमच्या दोघांच्याही रिमोटमध्ये आठही पिना कारखान्यातून आल्या तशा मोकळ्याच होत्या. दोन पिनांना सोल्डर लावून शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला असता, परंतु अशा रिमोटचा संदेश दरवेळी अक्षरशः तोच असल्याने तो एकदा टिपून पुन्हा सोडणे कोणालाही जमते.

म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी नागपूरहून नवा संच आणला. त्यात मोटरीचा कंट्रोलर, हातात धरायचा रिमोट आणि जमिनीतील ओल मोजणारे दोन सेन्सर असे सगळे मिळून साडेनऊ हजारांना पडले. संच लोरा या कमी विजेत लांबवर संदेश पोहोचवणाऱ्या रेडिओवर, भारतात परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि घराच्या गच्चीवरून विहिरीपर्यंत संदेश बिनचूक पोहोचतो. घेण्याचे खरे कारण मात्र पुस्तिकेतील एक ओळ होती : सर्व संदेश 'अॅस्कॉन' पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्ली (एक गुप्त आकडा) असल्याशिवाय वाचता न येणारे आहेत.

अॅस्कॉन ही पद्धत २०१४ साली पुढे आली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने लहान उपकरणांसाठी हलके एन्क्रिप्शन निवडण्याकरिता आलेल्या ५७ प्रस्तावांची अनेक वर्षे छाननी करून फेब्रुवारी २०२३ मध्ये तिची निवड केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम मानक प्रसिद्ध केले. २००१ पासून मानक असलेली एईएस पद्धत त्यामुळे वाईट ठरत नाही. ज्या चिपमध्ये एईएसचे सर्किट आधीच बसवलेले असते तिथे तीच वापरावी. परंतु असे सर्किट नसलेल्या छोट्या चिपवर अॅस्कॉन सोयीची पडते, कारण तिची चालू स्थिती अवघ्या ३२० बिटांत, म्हणजे ४० बाइटांत मावते आणि सगळे काम साध्या तार्किक क्रिया व बिट फिरवणे एवढ्यावर भागते. संदेश लपवणे आणि त्यात कोणी फेरफार केलेला नाही याची मोहोर लावणे ही दोन्ही कामे ती एकाच फेरीत उरकते.

सेन्सरची बॅटरी मुख्यतः एन्क्रिप्शन खाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात खर्च रेडिओचा असतो. मोहोर सोळा बाइटांची आहे आणि तेवढ्याने प्रत्येक संदेश लांबतो. लोराच्या सर्वांत संथ वेगावर वीस बाइटांच्या संदेशाला साधारण १.३ सेकंद लागतात, तर छत्तीस बाइटांना जवळपास दोन. हे हिशेबात धरूनही सेन्सरच्या बॅटऱ्या चार महिने टिकल्या, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. पुस्तिकेत रेडिओची सगळी सेटिंग छापलेली असल्यामुळे मी माझ्याकडच्या लोरा बोर्डाने रिमोटचा 'चालू' संदेश टिपला. त्यातील एक बाइट बदलून सोडला तेव्हा कंट्रोलरने तो साफ नाकारला. जसाच्या तसा सोडला तेव्हाही नाकारला, कारण प्रत्येक संदेशात वाढता क्रमांक असतो आणि जुना क्रमांक तो घेत नाही. इथपर्यंत समाधान वाटले. मग कंट्रोलरचा मेन स्विच खाली-वर केला, तोच जुना संदेश पुन्हा सोडला आणि स्टार्टर खट्‌कन बसला. शेवटचा क्रमांक तो केवळ तात्पुरत्या मेमरीत ठेवतो, असाच याचा अर्थ. शहरातल्या प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा वीज जात असेल. आमच्याकडे शेतीची लाईन रोज जाते आणि रोज तो सगळे विसरतो. कुलूप मजबूत आहे, ते फोडण्याची गरजच पडली नाही.

सेन्सरमध्ये हाच दोष उलट बाजूने दिसतो. बॅटरी बदलली की त्याचा क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतो. अॅस्कॉनमध्ये एकाच किल्लीवर तोच क्रमांक दोनदा वापरायचा नसतो. वापरला तर निदान पहिल्या सोळा बाइटांत दोन संदेशांतील फरक उघडा पडतो, आणि ओलीचा सारा आकडा त्या सोळा बाइटांतच आहे. माझ्या जमिनीची ओल कोणाला कळली म्हणून बिघडत नाही, पण हीच चिप उद्या कोणी वीजमीटरात बसवू शकतो.

कंपनीला हे सविस्तर लिहिले. पहिल्या पत्राला 'एन्क्रिप्शन जागतिक दर्जाचे आहे' असे उत्तर आले, जे मी नाकारलेच नव्हते. दुसऱ्या पत्रासोबत व्हिडिओ पाठवला, तेव्हा तीन आठवड्यांनी नवे सॉफ्टवेअर आले. आता कंट्रोलर प्रत्येक मान्य संदेशाचा क्रमांक कायम मेमरीत लिहितो. अशी मेमरी वारंवार लिहून झिजते, पण दिवसाला चार-सहा आज्ञांना ती सहज पुरते. सेन्सर मात्र दर पंधरा मिनिटांनी बोलत असल्याने तो चौसष्ट क्रमांक एकदम राखून ठेवतो आणि बॅटरी निघाली तर त्यापुढून सुरुवात करतो. ही युक्ती मला आवडली. मेन स्विचची चाचणी पुन्हा चार वेळा केली, जुना संदेश एकदाही चालला नाही.

दुकानात पडून असलेल्या संचांत जुनेच सॉफ्टवेअर असण्याची शक्यता आहे, तेव्हा घेणाऱ्याने आवृत्ती विचारून घ्यावी. शिवाय किल्ली कंट्रोलरच्या झाकणावर स्टिकरवर छापलेली असते आणि विहिरीवरच्या पेटीला आमच्याकडे कोणी कुलूप लावत नाही. मी स्टिकर खरवडून आकडा सातबाराच्या फायलीत ठेवला आहे. संच ठेवून घेतला आहे; तरी डिसेंबरात बाग ताणावर सोडली की स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढून घरीच आणतो.