पेनड्राइव्ह उपटून बघा, मग पैसे द्या

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान. हिशेब अजून डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, नुसत्या टाइप करून चालवायच्या सिस्टिमवर चालतो. एमएस-डॉस 6.22, आणि वडिलांच्या काळात एकाने फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये करून दिलेला प्रोग्रॅम. हसायचं असेल तर हसा, पण सौदा निघाला की रवे, वजन, दर टाकायचा, हमाली-तोलाई आपोआप वजा होते आणि डॉट मॅट्रिक्स करकर करत शेतकऱ्याची पट्टी बाहेर काढतो. समोर गाडीवाला घाई करत असतो तेव्हा माऊस शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

अडचण एकच, बॅकअपची. सगळा मामला फ्लॉपीवर. सोनीने 2011 मध्येच फ्लॉपी बनवणं थांबवलं. उरलेल्यांपैकी निम्म्या वाचल्या जात नव्हत्या. अशात ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग. म्हणाला, "साहेब, डॉसवर पेनड्राइव्ह चालवून देतो. लायसन्सचा ड्रायव्हर आहे." ड्रायव्हरचे साडेनऊ हजार, डॉस-स्पेशल 64 जीबीचे दोन पेनड्राइव्ह साडेतीन हजाराला एक. एकूण साडेसोळा.

त्याने मशीन बंद करून पहिला पेनड्राइव्ह लावला, चालू केलं. स्क्रीनवर 'लायसन्स व्हेरिफाइड' अशी ओळ आली आणि डी ड्राइव्ह उगवला. मी विचारलं, 64 चा आहे म्हणता, मग 2 जीबीच का दाखवतोय? "डॉस 6.22 ला फॅट16 या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीच्या पुढचं कळत नाही, आणि त्यात पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, 2 जीबीच्या वर जात नाही." हे शंभर टक्के खरं आहे, नंतर मी खात्री करून घेतली. तिथंच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मग त्याने सगळ्या फाइली डी वर कॉपी केल्या, यादी दाखवली आणि चालू मशीनमधून पेनड्राइव्ह उपटला. दुसरा माझ्यासमोर पाकिटातून फोडला, लावला आणि पुन्हा डीआयआर, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, मारली. कोऱ्या पेनड्राइव्हवर त्याच फाइली, तीच तारीख, तीच वेळ! "याला ऑटो मिरर म्हणतात. एकात घातलेलं दुसऱ्यात आपोआप येतं. आता रोज संध्याकाळी आलटून पालटून लावायचे, मशीन बंद करायची गरज नाही." मी तिथल्या तिथं मोबाइलवरून पैसे सोडले. बिल मागितलं तर "मेल करतो" म्हणाला. ते काही आलं नाही.

आठ महिने मी इमानदारीत पेनड्राइव्ह बदलत होतो. ऐन हंगामात एका दुपारी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली आणि खतावणीची फाइल बिघडली. म्हटलं, काळजी कशाला, दोन-दोन बॅकअप आहेत. एकही उघडेना. नावं दिसत होती, पण पट्टीच्या फाइलमध्ये निम्मी येणेबाकी आणि पुढं नुसती चिन्हं. त्याला फोन केला तर उत्तर आलं, "रिन्यूअलचे चार हजार भरले नाहीत ना, म्हणून."

माझा भाचा शिरोली एमआयडीसीत जुन्या सीएनसी मशीन दुरुस्त करतो. तो रात्री आला, यादी बघितली आणि पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. "मामा, आता डीआयआर मारा."

मारलं. पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर, आणि स्क्रीनवर डी ड्राइव्हची अख्खी यादी!

त्याने सांगितलं ते असं. मशीन सुरू होताना पेनड्राइव्ह लावलेला असला की बायोसच, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅमच, त्याला हार्ड डिस्क म्हणून डॉसपुढं उभा करतं. हार्ड डिस्क चालू मशीनमधून कोण उपटणार, म्हणून ती बदलली का हे डॉस तपासत नाही. त्यात स्मार्टड्राइव्ह हा डॉसचाच प्रोग्रॅम एकदा वाचलेलं मेमरीत धरून ठेवतं आणि तेच पुन्हा दाखवतं. ऑटो मिरर कसलं, ती जुनी यादी होती. वाईट म्हणजे बदललेल्या पेनड्राइव्हवर लिहिताना डॉस आधीच्याचाच नकाशा वापरत होतं. रोज संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने एकाचा हिशेब दुसऱ्यावर चढवत होतो.

आणि तो लायसन्सचा ड्रायव्हर? 'लायसन्स व्हेरिफाइड' ही ऑटोएक्झेक.बॅट या मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधली साधी एको ओळ निघाली, म्हणजे लिहिलेलं तसंच स्क्रीनवर दाखवणारी. ड्रायव्हर जिथून चालू होतात त्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये त्या माणसाने घातलेल्या ओळीपुढं भाच्याने रेम लिहून ती ओळ बंद केली, पेनड्राइव्ह लावून मशीन परत चालू केलं. डी ड्राइव्ह तसाच आला. बायोसमध्ये यूएसबीचा पर्याय चालू होता, बाकी काही नाही. डॉससाठी खरे यूएसबी ड्रायव्हर असतात, पॅनासॉनिकचा यूएसबीएएसपीआय नेटवर कधीपासून फिरतोय, पण आमच्या मशीनला तोही लागला नसता. शेवटी भाच्याने दोन्ही पेनड्राइव्ह लॅपटॉपवर एचटूटेस्टडब्ल्यू या खरी जागा मोजणाऱ्या प्रोग्रॅमने तपासले. 64 लिहिलेल्यात खरी जागा 8 जीबीसुद्धा भरेना. डॉसला 2 च्या पुढं दिसतच नाही, मग मला कसं कळणार? गिऱ्हाईक बघूनच माल आणला होता.

कार्बन कॉपीच्या पट्ट्या होत्या म्हणून वाचलो. बायको, दिवाणजी आणि मी, तिघांनी तीन आठवडे रात्री जागून हंगाम पुन्हा टाइप केला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण आठ महिन्यांनी पैसे परत येतील ही आशा मी धरलेली नाही.

आता साधाच पेनड्राइव्ह वापरतो. भाच्याने त्यावर 2 जीबीच्या आतलं फॅट16 पार्टिशन करून दिलंय. चालू करण्याआधी लावायचा, पूर्ण बंद केल्यावरच काढायचा. दर शनिवारी लॅपटॉपवर फाइल उघडून एक तरी पट्टी वाचतो. जास्त जागा हवी असेल तर फ्रीडॉस ही डॉससारखीच सिस्टिम फॅट16 च्या पुढचं फॅट32 वाचते आणि ते फुकट आहे, पण आमचं एवढ्यात भागतं.

परवा शेजारच्या गाळ्यात तसाच एक डेमो चालला होता. माणूस वेगळा, बॅग तीच. मी दारातूनच म्हणालो, "पेनड्राइव्ह काढा आणि डीआयआर मारून दाखवा." तो म्हणाला, "आत्ता काढला तर लायसन्स उडेल." शेजाऱ्याने माझ्याकडं बघितलं आणि चहा न सांगताच त्याला वाटेला लावलं.